नळी ठरवते गोळीचं नाक!

मशीन डिझाइनच्या पहिल्याच लेक्चरला एक शब्द हमखास कानावर पडतो – ‘कन्स्ट्रेंट’. आपण तो वहीत उतरवतो, खाली दोन रेघा मारतो आणि परीक्षेपुरती त्याची व्याख्या पाठ करतो. पण एकच अडचण अख्ख्या यंत्राचं रूप कसं ठरवते, याचं मला सापडलेलं सर्वात छान उदाहरण गिअरबॉक्सचं नाही. ते आहे लिव्हर-ॲक्शन रायफलचं आणि तिच्यात घालायच्या शिकारी गोळीचं.

आता सोलापूरची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी बंदुकीवर लिहिते म्हटल्यावर हसायचं त्यांनी खुशाल हसावं. पण आधीच सांगते, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. आपल्या नान्नजच्या माळावरचा काळवीट काय किंवा माळढोक काय, दोघांनाही कायद्याचं सर्वात कडक संरक्षण आहे. अमेरिकेत मात्र परवाना काढून, हंगाम पाळून हरणाची शिकार चालते. तिथे कोणती गोळी वापरायची हा नेहमीचा प्रश्न. जनावर एका गोळीत, हाल न होता पडलं पाहिजे. निवड चुकली तर जखमी हरण झुडपात शिरतं आणि तासन् तास तडफडतं. म्हणजे इथे डिझाइन चुकलं तर नुसते मार्क जात नाहीत!

नळीतली रांग

लिव्हर-ॲक्शन म्हणजे काय? ट्रिगरभोवतीची कडी हीच तरफ. ती खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते, वर नेली की नवं काडतूस आत जातं. जॉन ब्राउनिंगनं डिझाइन केलेली विंचेस्टर मॉडेल १८९४ ही यातली सर्वात गाजलेली रायफल. तिचं प्रसिद्ध काडतूस ‘थर्टी-थर्टी’ १८९५ मध्ये आलं.

या रायफलीत काडतुसं ठेवायची जागा म्हणजे बॅरलखालची एक लांब नळी. काडतुसं त्यात रेल्वेच्या डब्यांसारखी एकामागे एक उभी. आता नीट विचार करा. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं असतं, आणि बुडाच्या मध्यभागी असतो प्राइमर, जो ठोका बसला की पेटतो. गोळी टोकदार असेल तर रायफलीच्या धक्क्यानं ते टोकच फायरिंग पिनचं काम करू शकतं. आणि हे घडणार कुठे, तर नेमबाजाच्या डाव्या हाताखाली! म्हणून नळीच्या रायफलीत गोळीचं नाक चपटं ठेवतात. नियम असा एका ओळीचा, पण पुढची सगळी साखळी त्यातूनच सुटते.

चपट्या नाकाची किंमत

चपटं नाक हवेला जास्त अडतं. फ्लुइड मेकॅनिक्सवाल्यांना ड्रॅग वेगळा सांगायला नको. थर्टी-थर्टीची नेहमीची गोळी १७० ग्रेनची. ग्रेन हे वजनाचं जुनं एकक, म्हणजे ही गोळी साधारण ११ ग्रॅमची. बॅरलमधून निघताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ६७० मीटर. अर्धा एम व्ही स्क्वेअर करून बघा, जवळजवळ २,५०० ज्यूल येतात. २०० यार्डांवर, म्हणजे १८३ मीटरवर, वेग ४९० च्या आसपास उरतो आणि ऊर्जा १,३५० ज्यूलच्या खाली येते. निम्म्याच्या जरा वर, बस्स! म्हणून जंगलातल्या जवळच्या शिकारीला ही रायफल उत्तम आणि मोकळ्या माळावर तोकडी.

दुसरी गोळी १५० ग्रेनची. ती हलकी, म्हणून वेगवान, सेकंदाला सुमारे ७३० मीटर. तिची ऊर्जा थोडी जास्त भरते, पण संवेग १७० ग्रेनवालीचा जास्त. लांबट आणि जड गोळी खोल जाते, म्हणून मोठ्या जनावराला १७०. मध्यम हरणाला १५० पुरते.

मग गोळी टोकदारच करायची तर? तर नळी सोडा! सॅव्हेजच्या मॉडेल ९९ मध्ये फिरतं मॅगझिन होतं, तिथे टोकं कोणाला टोचत नव्हती. २००० नंतरच्या दशकात हॉर्नाडी कंपनीनं दुसरा मार्ग काढला. टोक ठेवलं, पण रबरासारखं मऊ. दाबलं की दबतं, म्हणून प्राइमर सुरक्षित. कन्स्ट्रेंट मोडला नाही, नुसतं मटेरियल बदललं. मला तर हे उत्तर फारच आवडलं.

फुलणारी गोळी

शिकारी गोळी शिरल्यावर पुढून फुलावी लागते. आत शिसं, बाहेर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण आणि नाकाशी शिसं उघडं, अशी तिची रचना. या कल्पनेशी आपल्या देशाचं नावही जोडलेलं आहे. कोलकत्याजवळच्या डमडम इथल्या कारखान्यात १८९० च्या दशकात अशा गोळ्या बनल्या, म्हणून ‘डमडम बुलेट’. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं युद्धात त्यांना मनाई केली. शिकारीत मात्र त्याच हव्या असतात, कारण न फुलणारी गोळी सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं.

आता मेख बघा. प्रत्येक गोळी ठराविक वेगाच्या पट्ट्यातच नीट फुलते. वेगवान मॅग्नम रायफलीसाठी केलेली जाड आवरणाची गोळी थर्टी-थर्टीच्या वेगाला फुलणारच नाही. उलट थर्टी-थर्टीची गोळी मॅग्नमच्या वेगाला वरच्यावर फुटून जाईल. दोघींचा व्यास तोच, बरं का! व्यास जुळला म्हणून काम जुळलं असं नाही. आपण नाही का, एकाच साइजचे पण वेगळ्या ग्रेडचे बोल्ट वापरत?

घरी भरलेलं काडतूस

तिकडे बरेच शिकारी रिकामी पुंगळी पुन्हा भरतात. त्याला हँडलोडिंग म्हणतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे इथे कृती नाही, फक्त तत्त्वं.

पहिलं, दाब. मॉडेल १८९४ चा बोल्ट मागच्या बाजूला लॉक होतो. झटका बसला की स्टील किंचित दबतं आणि पुंगळी ताणली जाते. थर्टी-थर्टीची दाबाची मर्यादा सुमारे २९० मेगापास्कल, तर आधुनिक बोल्ट-ॲक्शनच्या ‘थ्री-झीरो-एट’ची सुमारे ४२७. दारू थोडी वाढवली तर वेग किरकोळ वाढतो, दाब मात्र झपाट्यानं. म्हणून छापील तक्त्याबाहेर जाणं म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी खाऊन टाकणं.

दुसरं, पकड. नळीतली स्प्रिंग आणि प्रत्येक बाराचा धक्का गोळीला पुंगळीत आत ढकलतात. गोळी आत सरकली की दारूची जागा कमी होते आणि दाब वाढतो. म्हणून गोळीवर खाच असते आणि पुंगळीची कड त्या खाचेत दाबून बसवतात. ही कड सारखी बसायला सगळ्या पुंगळ्या एका लांबीच्या हव्यात. बघा, इथेही नळीच बोलतेय!

गोळी पडल्यानंतर

शेवटचा मुद्दा धातूचा. शिसं स्वस्त, मऊ आणि जड, घनता ११.३४. पण फुलताना त्याचे बारीक कण मांसात विखुरतात. शिकाऱ्यानं टाकलेली आतडी खाऊन अमेरिकेतली काँडॉर गिधाडं विषबाधेनं मेली. कॅलिफोर्नियानं २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. पर्याय म्हणजे अख्ख्या तांब्याची गोळी. तांब्याची घनता ८.९६, म्हणजे त्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत जास्त जागा खाते आणि वरचा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागतो.

सव्वाशे वर्षं डिझाइनच्या यादीत रायफल होती, नेमबाज होता, हरण होतं. ते हरण नंतर कोण खाणार, हे मात्र यादीत नव्हतं. याच सोलापुरात जन्मलेल्या आणि २०२५ मध्ये इथेच शेवटचा श्वास घेतलेल्या मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर जंगलातल्या याच नात्यांबद्दल लिहिलं. आपण उद्या पंप करू, प्रेस टूल करू, नाहीतर यंत्रमागाचा सुटा भाग करू. ड्रॉइंगवर सही करण्याआधी नळी कुठे आहे ते शोधा, आणि आपली वस्तू काम संपवून पडल्यावर कोणाच्या तोंडी जाणार आहे, तेही विचारा. दुसरा प्रश्न सिलॅबसमध्ये नाही. म्हणूनच तो इथे लिहिला!