भाव लिहा, मग बूस्ट करा

प्रश्न : घरगुती फराळाच्या इन्स्टाग्राम पेजला लाइक भरपूर, ऑर्डर मात्र तुरळक. पैसे भरून पोस्ट बूस्ट करू का?

उत्तर : ताई, इतक्यात नको. लाइक सुरतेहूनही येतो. चकली मात्र तुम्ही पोहोचवू शकाल तिथलाच माणूस घेणार. ‘भावासाठी मेसेज करा’ एवढंच वाचून घाईतलं गिऱ्हाईक परत फिरतं. वजन, भाव, घरपोच कुठपर्यंत, हे पोस्टमध्येच लिहा. भाव कळला तर स्पर्धक पाडून विकतील, ही भीती समजते. पण त्यांना तो एका फोनवर कळतोच, अडतं ते गिऱ्हाईक. आणि बूस्ट करण्याआधी जुनी गिऱ्हाइकं धरा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच मेसेज जातो. म्हणून प्रत्येक डब्याच्या झाकणावर नंबर चिकटवा आणि डबा देतानाच तो सेव्ह करायला सांगा.