लावणीची मजुरी व स्त्रीमजूर

पनवेल-उरण भागांतील पुष्कळ भातशेती १९७० पासून नव्या मुंबईसाठीं संपादन झाली. तथापि जेथें खाचरें राहिलीं, तेथें लावणी मुख्यत्वें स्त्रियाच करितात. चिखलणी करणाऱ्या पुरुषास अधिक व लावणी करणाऱ्या स्त्रीस कमी रोज, अशी जुनी वहिवाट आहे. पुरुषाचें काम जड, हें तिचें समर्थन. परंतु मुळें न दुखवितां रोपें काढणें, दोन-तीन रोपांचा चूड उथळ व योग्य अंतरावर लावणें, हें कसबाचें काम होय. चूड खोल गेला तर फुटवे कमी येतात व ती तूट मालकाच्याच पदरीं पडते.

महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याखालीं मजुरी कामाच्या मापावर ठरली. त्या दरांत स्त्री-पुरुष भेद नव्हता. १९७६ च्या समान वेतन कायद्याचें व २०१९ च्या वेतन संहितेचें तत्त्वही हेंच आहे.

यास्तव शेतकरी बंधूंनीं हंगामापूर्वीं पुढील गोष्टी ठरवाव्या:

१. लावणीचा दर गुंठ्यावर बांधावा व चूड तपासून घ्यावे.
२. कापणीसारख्या, दोघेंही करितात त्या कामास रोज एकच द्यावा.
३. स्त्रीची मजुरी तिच्याच हातीं द्यावी.

खर्च थोडा वाढेल खरा. पण शहर जवळ असतां, अपुऱ्या रोजावर ऐन लावणीस हात मिळणार नाहींत, आणि लांबलेली लावणी त्याहून महाग पडते.