कार्ड निर्दोष होतं

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि त्यात वापरलेली ग्राफिक्स कार्डं सेकंडहँड बाजारात ढिगाने आली. त्यातलं एक आरटीएक्स ३०८० मी नागपुरात घेतलं. त्यावर व्हॅलोरंट तासन्‌तास विनातक्रार चाले. सायबरपंक २०७७ मध्ये मात्र नाइट सिटीच्या गर्दीत गाडी घातली, की कॉम्प्युटर फटकन बंद पडून आपला आपण पुन्हा सुरू होई. ब्लू स्क्रीन नाही, एररचा संदेश नाही. कुणी प्लग खेचावा तसं.

ज्याला विचारावं त्याचं उत्तर तयार असे: मायनिंगचं कार्ड, दुसरं काय होणार! एका दुकानात विंडोज फॉरमॅट मारून दिलं. त्याने काहीच फरक पडला नाही, तेव्हा कार्ड बदला म्हणाले. मित्रांना नागपूरच्या मे महिन्यावर संशय होता. संशय गैर नव्हता, पण कुणीही मशीन बंद पडताना पाहिलेलं नव्हतं, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं तेच वाटतं. कुठलाही पार्ट बदलण्याआधी आपलं मशीन नेमकं कसं बंद पडतं, ते डोळे उघडे ठेवून पाहा.

गेम एकटाच बंद होऊन डेस्कटॉप दिसत असेल, तर आधी गेमच्या फाइली तपासा, मग ड्रायव्हर आणि रॅम. स्क्रीन काळा होतो, पण आवाज चालू राहतो किंवा एकच सूर अडकतो आणि कार्डचे पंखे जोरात फिरू लागतात, तेव्हा संशय कार्डवर, त्याच्या ड्रायव्हरवर आणि त्याला वीज पुरवणाऱ्या केबलवर घ्यावा. दरवेळी वेगळ्याच कोडचा ब्लू स्क्रीन येत असेल तर रॅमकडे बघा. बायॉसमध्ये एक्सएमपी बंद करून रॅम साध्या वेगाने चालवा आणि रात्रभर मेमटेस्ट ८६ लावून ठेवा. इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा मोठा डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि पुरेशी मेमरी असूनही गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणत बंद होत असेल, तर बायॉस लगेच अपडेट करा. या प्रोसेसरमधला जादा व्होल्टेजचा दोष इंटेलने २०२४ मध्ये मान्य केला, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही. तो वॉरंटीत बदलूनच घ्यावा लागतो.

माझं मशीन मात्र पूर्णच बंद पडत होतं. अशा वेळी उष्णता आणि वीज या दोनच गोष्टी आधी तपासायच्या.

उष्णतेचा निकाल लवकर लागतो. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर तापमानाची नोंद फाइलमध्ये ठेवतं, म्हणून मशीन बंद पडल्यावरही शेवटचा आकडा हाती राहतो. आजचे प्रोसेसर आणि कार्डं तापली की आधी स्वतःचा वेग कमी करतात. गेम अडखळू लागतो, फ्रेम घसरतात, आणि तरीही ताप वाढत गेला तरच मशीन बंद होतं. माझ्याकडे शेवटच्या क्षणापर्यंत फ्रेम घसरत नव्हत्या आणि तापमानही मर्यादेत होतं. एक मात्र विदर्भातल्या सगळ्यांना कळकळीने सांगते: खोलीतल्या डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. त्या हवेत ओल असते, आणि कधीकधी पाण्याचे थेंबही.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद होती. त्यातला ‘पॉवर’ हा शब्द वाचून अनेकजण लगेच नवा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, घेतात. विंडोज नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ही नोंद सांगते. ती कारण सांगत नाही. तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य होता. म्हणजे विंडोजला चूक लिहून ठेवण्याइतकीही सवड मिळाली नव्हती. यावरून संशय विजेकडे वळला, पण पुरावा अजून हाती नव्हता.

विजेच्या बाबतीत पहिली चाचणी बिनखर्चाची आहे. मशीन यूपीएसवरून काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देऊ शकतो. ३०८० हे कार्ड एकटंच ३२० वॅट घेतं. प्रोसेसर आणि मॉनिटर त्यावर वेगळे. लाइट असतानाही असा यूपीएस ओव्हरलोड होऊन पुरवठा तोडू शकतो. तो काढल्यावर माझं मशीन बंद पडणं कमी झालं, थांबलं नाही. अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं. आमच्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, आणि त्या खड्ड्यात पाणी घालायची आठवण घरात कुणालाच राहत नाही.

दुसरी चाचणीही फुकटच. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली आणि फ्रेम ६० वर बांधल्या. तोच गेम, तीच गर्दी, आणि संध्याकाळभर मशीन एकदाही बंद पडलं नाही. पण खराब कार्डसुद्धा कमी विजेवर सांभाळून चालू शकतं, त्यामुळे एवढ्यावर कार्ड निर्दोष म्हणता येत नव्हतं. निकाल लागला तो मैत्रिणीचा ८५० वॅटचा एसएमपीएस आणून लावला तेव्हा. कार्ड पूर्ण ताकदीवर ठेवलं, यूपीएस बाजूलाच राहू दिला, आणि सायबरपंक अडथळ्याविना चालला.

माझा आधीचा एसएमपीएस ६५० वॅटचा होता आणि बऱ्याच वर्षांचा. बेरीज केली तर ६५० वॅट पुरायला हवे होते, आणि फरमार्कसारखी चाचणी त्याच्यावर सुरळीत चालतही होती. बरेचजण इथेच फसतात. फरमार्क कार्डवर एकसारखा भार टाकतं. गेममध्ये भार क्षणाक्षणाला उसळतो, आणि ३०८० सारखं कार्ड काही मिलिसेकंदांपुरती आपल्या ३२० वॅटच्या बरीच वर मजल मारतं. थकलेल्या एसएमपीएसचं संरक्षण ती उसळी पाहून पुरवठा तोडतं. एनव्हिडिया या कार्डसाठी ७५० वॅट सुचवते, ते याचसाठी. भरीस भर म्हणजे कार्डची दोन्ही आठ पिनांची सॉकेटं एकाच केबलच्या दोन टोकांवर होती. अशा प्रत्येक सॉकेटचा हिशोब १५० वॅटचा असतो, तेव्हा दोन स्वतंत्र केबली ओढाव्यात.

बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. यूपीएस, एक्सएमपी आणि ड्रायव्हर एका दमात बदलले आणि मशीन सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कळतच नाही. दुकानात जाताना ‘गेम खेळताना बंद पडतं’ एवढंच सांगू नका. कसं बंद पडतं, यूपीएसशिवाय काय होतं आणि पॉवर लिमिट उतरवल्यावर काय होतं, हे कागदावर लिहून न्या. चांगला कारागीर तो कागद वाचून पुढची चाचणी ठरवतो. न वाचताच जो फॉरमॅट मारायला घेतो, त्याच्याकडे मशीन ठेवू नका.

आणि दोन गोष्टी सुरक्षेच्या. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात. आणि नवा मॉड्युलर एसएमपीएस लावताना जुन्याच्या केबली वापरायचा मोह टाळा. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही, वेगळी असते. प्लग चपखल बसतो, पण बटण दाबताच एसएसडी आणि हार्ड डिस्क जळू शकतात. मैत्रिणीचा एसएमपीएस आणला तेव्हा त्याच्यासोबत तिच्या सगळ्या केबलीही आणल्या होत्या, त्या याच कारणासाठी.