पारपटलाचा प्रवास

आश्विन सरत आला की महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील भातखाचरे पिवळी होतात. सावित्रीच्या काठापासून आंबेनळी घाटाच्या पायथ्यापर्यंत कापणीची लगबग सुरू होते. कापणीमागून झोडणी येते. खळ्यावर पेंढ्या आपटल्या जातात, दाणे उडतात आणि दाण्यांबरोबर तूस व कुसळेही उडतात. अशा वेळी एखादे कुसळ किंवा भाताच्या पातीचे टोक काम करणाऱ्याच्या डोळ्यात जाते. डोळा चुरचुरतो, लाल होतो, त्यातून पाणी वाहू लागते. "होईल बरा," असे म्हणून माणूस पुन्हा कामाला लागतो. कोणी डोळ्यात झाडपाल्याचा रस पिळतो. परंतु कुसळाने केलेल्या बारीक ओरखड्यातून बुरशी किंवा इतर रोगजंतू आत शिरलेले असतात. काही दिवसांनी तेथे व्रण होतो आणि तो भरून आला तरी त्या जागी पांढरा डाग राहतो. खेड्यापाड्यांतील लोक याला 'डोळ्यात फूल पडणे' असे म्हणतात. नाव सुंदर आहे. पण हे फूल बुबुळाच्या मधोमध पडले, तर त्या डोळ्यापुढे जन्मभर धुके दाटून राहते.

हे फूल डोळ्याच्या ज्या भागावर पडते त्याला पारपटल म्हणतात. घड्याळाच्या तबकडीवर जशी फुगीर काच बसविलेली असते, तसे हे पारपटल डोळ्याच्या अगदी पुढच्या भागावर बसविलेले असते. त्याचा व्यास सुमारे ११ ते १२ मिलिमीटर असून मध्यभागी त्याची जाडी केवळ अर्धा मिलिमीटर भरते. प्रकाश प्रथम पारपटलातून आत शिरतो, म्हणून ते संपूर्ण पारदर्शक असावे लागते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरामार्गे मिळतो.

कंदिलाची काच काजळली, तर आत ज्योत तेवत असूनही खोलीत अंधार पडतो. म्हणून कोणी कंदील फेकून देत नाही; काच तेवढी बदलतो. पारपटल पांढरे झालेल्या पुष्कळ डोळ्यांची स्थिती अशीच असते. आतले भिंग, दृष्टिपटल, मेंदूकडे जाणारी नस हे सारे शाबूत असते. बिघडलेली असते ती पुढची काच. ती बदलता आली, तर त्या डोळ्याला पुन्हा दिसू लागेल. मात्र कारखान्यात तयार केलेली काच येथे सहसा चालत नाही. काही विशेष रोगी वगळले, तर माणसाच्या पारपटलाच्या जागी माणसाचेच पारपटल बसवावे लागते.

ही गोष्ट प्रथम यशस्वी करून दाखविली ती एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स या गावी, ७ डिसेंबर १९०५ रोजी त्यांनी ही शस्त्रक्रिया केली. त्यांच्यापुढे एक मजूर होता. चुन्याने भाजून त्याचे दोन्ही डोळे गेले होते. त्याच सुमारास अकरा वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे आला होता. धातूचा तुकडा घुसल्यामुळे त्याचा डोळा वाचणे अशक्य झाले होते आणि तो काढावाच लागला. झिर्म यांनी त्या डोळ्याचे स्वच्छ पारपटल मजुराच्या डोळ्यांना बसविले. एका डोळ्यातील पारपटल टिकले आणि तो मजूर पुन्हा पाहू लागला, पुन्हा कामावर जाऊ लागला.

यश मोठे होते; पण ते योगायोगावर अवलंबून होते. ज्याला डोळा हवा तो आणि ज्याचा डोळा काढावा लागणार तो, असे दोघे एकाच गावी, एकाच वेळी कसे यावेत? ही अडचण दूर करण्याचा मार्ग १९३० नंतरच्या दशकात ओडेसा येथील व्लादिमीर फिलाटोव्ह यांनी दाखविला. मृत व्यक्तीच्या डोळ्यांतील पारपटलही उपयोगी पडते आणि डोळा थंडीत ठेवल्यास ते काही काळ टिकते, हे त्यांनी अनेक शस्त्रक्रियांनी सिद्ध केले. पुढे १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये पहिली नेत्रपेढी स्थापन झाली. लगेच दुसऱ्या वर्षी, १९४५ मध्ये, मद्रास येथे भारतातील पहिली नेत्रपेढी डॉ. मुथय्या यांच्या प्रयत्नांनी सुरू झाली.

त्या काळची साठवण अगदी साधी होती. झाकणाची एक निर्जंतुक बाटली घ्यावयाची, तळाशी मिठाच्या सौम्य द्रावणात भिजविलेला कापूस ठेवावयाचा, पारपटल वर येईल अशा रीतीने संपूर्ण डोळा आत ठेवून बाटली बंद करावयाची आणि ४ अंश सेल्सिअस तपमानाच्या शीतपेटीत ती ठेवावयाची. या बाटलीतील पारपटल एक ते दोन दिवसांत वापरावे लागे. तेवढ्या अवधीत रोग्याला निरोप धाडणे, त्याने प्रवास करून येणे आणि शस्त्रक्रियेची तयारी होणे हे सारे उरकले नाही, तर मिळालेले दान वाया जाई.

पारपटल इतक्या लवकर का बिघडते? त्याचे उत्तर त्याच्या सर्वांत आतल्या थरात आहे. येथे षट्कोनी पेशींची एकच ओळ फरशीसारखी पसरलेली असते. डोळ्यातील द्रव सतत पारपटलात झिरपत असतो आणि या पेशी तो रात्रंदिवस बाहेर उपसत असतात. भरतीच्या दिवसांत होडीत झिरपणारे पाणी नावाडी सारखे उपसतो, तसेच हे काम होय. उपसा थांबला की पारपटल पाणी शोषून फुगते आणि धूसर होते. प्रौढ माणसात या पेशी एका चौरस मिलिमीटरात साधारण अडीच हजार असतात. जी पेशी मेली तिच्या जागी माणसाच्या शरीरात सहसा नवी पेशी येत नाही. शेजारच्या पेशी पसरून जागा भरून काढतात. म्हणून पारपटल जतन करणे म्हणजे या नाजूक पेशी जिवंत ठेवणे होय.

थंडीने पेशींचे काम मंदावते. पण त्यांना अन्नही हवे. हे ओळखून अमेरिकेतील बर्नार्ड मॅक्केरी आणि हर्बर्ट कॉफमन या दोघा शास्त्रज्ञांनी १९७४ साली एक द्रव सिद्ध केला. दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून तो 'एम. के. माध्यम' या नावाने ओळखला जातो. त्यात पेशींच्या पोषणाची द्रव्ये आहेत, जंतूंची वाढ रोखणारे औषध आहे आणि डेक्स्ट्रान नावाचा, शर्करेच्या लांब साखळ्यांचा पदार्थ आहे. डेक्स्ट्रान पारपटलाला पाणी पिऊन फुगू देत नाही. आता संपूर्ण डोळा ठेवण्याचे कारण उरले नाही. पारपटल आणि त्याभोवतीची पांढऱ्या भागाची दोन-तीन मिलिमीटरांची कड एवढेच कापून त्या द्रवात ठेवले, की ४ अंश तपमानात ते चार दिवस टिकते. द्रवाचा रंग गुलाबी असतो. आत जंतू वाढले तर आम्लता वाढून तो पिवळसर होतो. म्हणजे बाटली न उघडताही धोक्याची सूचना मिळते.

त्यानंतर अधिक काळ पुरणारी माध्यमेही निघाली. त्यांत पारपटल चौदा दिवसांपर्यंत ठेवता येते. युरोपातील अनेक नेत्रपेढ्या पारपटल थंडीत न ठेवता शरीराइतक्या उबदार पोषक द्रवात काही आठवडे सांभाळतात. आपल्या देशातही हे काम होते. हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या नेत्रपेढीत एम. के. माध्यम तयार केले जाते, तर मदुराईच्या ऑरोलॅब या संस्थेने दीर्घकाळ टिकणारे 'कॉर्निसॉल' हे माध्यम बनविले आहे. त्यामुळे परदेशी बाटलीसाठी खोळंबून राहावे लागत नाही.

परंतु नुसते जतन करून भागत नाही. धान्य कणगीत ठेवण्यापूर्वी शेतकरी ते पाखडून पाहतो, त्याप्रमाणे पारपटल रोग्याला बसविण्यापूर्वी त्याची पारख करावी लागते. प्रथम दात्याचे रक्त तपासून संसर्गजन्य रोग नाहीत याची खात्री करतात. मग पारपटल स्लिट लॅम्पखाली धरतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ अल्व्हार गुलस्ट्रँड यांनी १९११ साली हे साधन जगापुढे ठेवले. दाराच्या फटीतून अंधाऱ्या खोलीत ऊन आले, की हवेतील धूळ स्पष्ट दिसते. स्लिट लॅम्पमध्येही अरुंद फटीतून प्रकाशाची पट्टी सोडून सूक्ष्मदर्शकातून पाहतात. त्या प्रकाशात पारपटलाचे थर दिसतात आणि बारीकसा व्रण किंवा सुरकुतीही लपून राहत नाही.

आतल्या थरातील पेशी मोजण्याचे साधन मात्र याहून नवे आहे. डेव्हिड मॉरिस यांनी १९६८ साली स्पेक्युलर सूक्ष्मदर्शक तयार केला. शांत पाण्याच्या पृष्ठभागावरून ऊन परावर्तित व्हावे तसा पेशींच्या थरावरून प्रकाश परावर्तित होतो आणि त्या प्रकाशात षट्कोनी पेशींची जाळी दिसते. पारपटल पारदर्शक तळाच्या डबीत ठेवलेले असले, तर डबी न उघडताच ही तपासणी होते. शस्त्रक्रियेसाठी एका चौरस मिलिमीटरात निदान दोन हजार पेशी असाव्यात, असे अनेक नेत्रपेढ्या मानतात. एकेकाळी शल्यविशारदाला पारपटलाच्या भविष्याविषयी अंदाजच बांधावा लागे. आता त्याच्या हाती मोजलेली संख्या असते.

या शोधांचा पोलादपूरच्या एखाद्या डोंगरवाडीला काय उपयोग? समजा, आषाढातील एका रात्री दहाच्या सुमारास अशा वाडीतील एका आजोबांचे निधन झाले. बाहेर मुसळधार पाऊस आहे. नेत्रपेढ्या आहेत त्या पनवेल, मुंबई, पुणे अशा दूरच्या शहरांत. महाडहून पनवेल शंभराहून अधिक किलोमीटर आहे आणि पावसाळ्यात घाटातील दरड केव्हा कोसळेल याचा नेम नाही. पूर्वी अशा ठिकाणच्या डोळ्यांचा विचारही कोणी केला नसता. आता पारपटल एकदा गुलाबी द्रवात गेले, की पुढे चार दिवसांची किंवा त्याहूनही अधिक सवड असते. रस्ता काही तास बंद राहिला तरी चालते, तपासणीला वेळ मिळतो आणि दूरच्या रोग्यालाही येता येते.

मात्र एक गोष्ट कोणत्याही बाटलीला साधलेली नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत पारपटल काढून घ्यावे लागते. नंतरचे दिवस विज्ञानाने वाढविले. पण हे पहिले सहा तास घरच्या माणसांच्या हाती आहेत. दुःखाने घर सुन्न झालेले असताना कोणाला तरी आठवावे लागते. त्या घरातील नात रडत रडत म्हणते, "बाबा, डोळे द्यायचे, असं आजोबा नेहमी म्हणत." बाप क्षणभर आजीकडे पाहतो. आजी मान हलविते, तेव्हाच पुढचे सारे शक्य होते. आजोबांनी पूर्वी नेत्रदानाचा अर्ज भरलेला असला, तरी अशा वेळी जवळच्या नातलगांची संमती लागते.

संमती मिळाली की नेत्रपेढीला ताबडतोब दूरध्वनी करावा. मृत व्यक्तीच्या पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोक्याखाली उशी घेऊन ते थोडे उंच करावे आणि पंखा बंद करावा. म्हणजे पारपटल सुकत नाही. आलेल्या पथकाचे काम साधारण अर्ध्या तासात आटोपते आणि चेहरा विद्रूप होत नाही. दात्याचे वय आड येत नाही. चष्मा असलेली, मधुमेह असलेली, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली माणसेही नेत्रदान करू शकतात. एका व्यक्तीच्या दोन पारपटलांनी दोन माणसांना दृष्टी लाभू शकते.

याहून चांगले, अर्थात, फूल मुळीच पडू न देणे. झोडणीच्या वेळी साधा चष्मा लावला, डोळ्यात कुसळ गेल्यास डोळा न चोळता, घरगुती औषध न घालता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखविले, तर पुष्कळ डोळे वाचतील. तरीही ज्यांच्या डोळ्यांपुढे धुके दाटले आहे, त्यांची वाट कोणीतरी मोकळी केली पाहिजे. ओलोमोउत्समधील त्या मजुरापासून आजपर्यंत पारपटलाचा प्रवास पुष्कळ लांबला आहे. त्या प्रवासाची पहिली पायरी मात्र प्रयोगशाळेत नसते. ती असते एखाद्या घराच्या ओटीवर, घरच्या माणसाने दिलेल्या एका होकारात.

स्वाध्याय

१. 'डोळ्यात फूल पडणे' म्हणजे काय? ते कसे टाळता येईल?
२. कंदिलाच्या काचेचा दृष्टान्त लेखात कशासाठी दिला आहे?
३. कारणे द्या : (अ) झिर्म यांचे यश योगायोगावर अवलंबून होते. (आ) पारपटलाच्या आतल्या थरातील पेशी जिवंत ठेवणे आवश्यक असते.
४. 'नंतरचे दिवस विज्ञानाने वाढविले. पण हे पहिले सहा तास घरच्या माणसांच्या हाती आहेत.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. तुमच्या गावापासून सर्वांत जवळची नेत्रपेढी कोठे आहे, याची घरच्या वडील माणसांच्या मदतीने माहिती मिळवा व ती वर्गात सांगा.