खुर्चीचे हात सोड

अगं, संध्याकाळची फेरी चालू ठेवलीस हे छानच केलंस. पण एक विचारू? खुर्चीतून उठताना हात टेकतेस ना? नाही म्हणू नकोस, मी पाहिलंय. आपल्या वयात घोडं तिथेच अडतं, आणि नुसत्या चालण्याने ते सुटत नाही.

तिशीनंतरच स्नायू हळूहळू झडायला लागतात, साठीनंतर फार भराभर. मांड्यांचे गेले की आधी जिना नकोसा होतो, मग जमिनीवर बसणं सुटतं, आणि एक दिवस न्हाणीघरात तोल जातो. खुब्याचं हाड मोडल्यावर पुन्हा पहिल्यासारखं चालणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

'आता या वयात काय' हे तर मला ऐकवूच नकोस. १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. दहाच जणांवरचा प्रयोग, पण पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. तू तर अजून साठीतली!

भिंतीला टेकवून लाकडी खुर्ची ठेव. प्लास्टिकची नको, सरकते. हातांची घडी घाल, सावकाश ऊठ, त्याहून सावकाश बस. स्नायूंचं काम बसतानाही होतं, म्हणून धपकन बसायचं नाही. गुडघा कुरकुरला तर खुर्चीवर जाड उशी घे. सकाळी ओटा धरून टाचा उचल आणि तो हाताशी ठेवूनच एका पायावर उभी राहा. 'दिवसभर राबतेच की' म्हणशील, पण त्या राबण्यात तोल आणि ताकद वाढवणारं फारसं काही नसतं. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान १५० मिनिटांच्या चालण्यासारख्या व्यायामाबरोबर तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगते, ते उगीच नाही.

आणि सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं खाणं बंद कर. डाळ, दही, अंडं पोटात गेल्याशिवाय स्नायू कशावर वाढणार?

बीपीच्या गोळीने उठताना गरगरत असेल तर आधी डॉक्टरांशी बोल. छातीत दुखलं तर तिथेच थांब आणि लगेच दवाखाना गाठ.

यजमानांनाही शेजारी खुर्ची दे. त्यांच्या मांड्या काही वेगळ्या मातीच्या नाहीत. रविवारी फोन करीन तेव्हा नातवंडांचं नंतर सांग, हात न टेकता किती वेळा उठलीस ते आधी.