दातावरचा ब्रॅकेट निघतो कशामुळे?

गेल्या महिन्यात वस्तीतली नववीतली एक मुलगी आमच्याकडे आली. ओठाची आतली बाजू सोललेली होती. दातांना तार लावलेली, तिचे दोन ब्रॅकेट निघाले होते. दवाखान्यात न्यायचं म्हणजे आईचा खाडा, म्हणून भावाने चप्पल चिकटवायच्या गमने घरीच ते चिकटवले. आईला आम्ही रागावलो नाही. खाडा म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक आहे. पण ब्रॅकेट नुसता चिकटवून टिकत का नाही, हे आज समजून घेऊ.

ब्रॅकेट म्हणजे प्रत्येक दातावर बसवलेला धातूचा छोटा चौकोन. त्याच्या खाचेतून तार जाते. त्याची मागची बाजू पाहा, पिठाच्या चाळणीसारखी बारीक जाळी दिसेल. सिमेंट त्या जाळीत शिरून धातूला धरतं. दाताकडून मात्र अशी जाळी नसते, दाताचं वरचं कवच गुळगुळीत असतं. ते खरखरीत करायची युक्ती 1955 साली अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोर या दंतवैद्याने मांडली. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यात धातूला आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. तेच त्याने दाताला लावून पाहिलं. आपल्याकडचा रंगारीसुद्धा भिंत घासल्याशिवाय ब्रश लावत नाही, तसंच हे.

आता दवाखान्यात काय करतात? आधी दात प्युमिस नावाच्या दगडाच्या पुडीने घासतात. त्यात तेल नको, कारण तेलाच्या थरावर काही धरत नाही. मग सुमारे 37 टक्क्यांचं आम्लाचं जेल 15 ते 30 सेकंद ठेवतात, पाण्याने भरपूर धुतात, हवा मारून कोरडं करतात. दात खडूसारखा पांढरा दिसला म्हणजे तयार झाला. डोळ्यांना न दिसणारी छिद्रं त्यावर पडलेली असतात. त्यावर पातळ द्रव लावतात, ब्रॅकेटला सिमेंट लावून दाबून बसवतात, बाजूला आलेलं जादा सिमेंट काढतात आणि निळ्या दिव्याने ते कडक करतात. धातूतून उजेड जात नाही, म्हणून दिवा कडेकडेने धरतात.

सगळा खेळ त्या पांढऱ्या दिसण्यापासून ब्रॅकेट बसेपर्यंतच्या वेळेचा आहे. तेवढ्यात थुंकी लागली, हिरडीतून रक्त आलं, पोराने जीभ फिरवली, की छिद्रं बुजतात. ब्रॅकेट त्या दिवशी बसलेला दिसतो, पण आठ-पंधरा दिवसांत सुटतो. थोड्या ओलाव्यातही धरणारं ग्लास आयोनोमर सिमेंट असतं. दाढेची कडी बसवायला ते बरंच वापरतात.

म्हणजे अर्धी तयारी घरचीच. हिरड्या सुजलेल्या असतील तर ब्रशने रक्त येतं म्हणून घासणं सोडू नका. महिनाभर आधीपासून दोन वेळा मऊ ब्रशने घासा, हिरड्या शांत होतात. मशेरी लावत असाल तर बंद करा. (पोरांना मशेरी लावायला शिकवणाऱ्या आज्या अजून आहेत, म्हणून लिहितो.) आणखी एक गोष्ट डॉक्टरांना न विचारताच सांगा: लहानपणी पाणी कुठलं प्यायलं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. त्याने दातावर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि अशा दातावर आम्ल लवकर चालत नाही. जास्त वेळ ठेवावं लागतं.

बसवल्यावर ऊस, चिक्की, फुटाणे, कच्चा पेरू दाताने तोडायचा नाही. भाकरी आमटीत कुस्करून खा. ब्रॅकेट निघालाच तर डबीत ठेवा, टोचत असेल तर तारेवरचं मेण लावा आणि फोन करून वेळ घ्या. दात हलायचा राहतो किंवा भलत्याच दिशेला सरकतो, म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलू नका. गिळला गेला तर बहुतेक वेळा शौचावाटे जातो. पण पोर खोकत असेल, दम लागत असेल, तर लगेच मोठा दवाखाना गाठा.

त्या मुलीच्या दातावरचा गम डॉक्टरांनी मशीनने जपून घासून काढला. दोन्ही ब्रॅकेट नवे बसवावे लागले. आईचे शेवटी दोन खाडे झाले. आता ती शनिवारची वेळ घेते, शाळा सकाळचीच असते आणि सोबत आमच्यापैकी कुणीतरी जातं.