सफर, स्वारी आणि वसाहत : विज्ञानकथेतील चंद्राचे एक वाचन

१

मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगताना आरंभबिंदू म्हणून इ. स. १९०० या वर्षाचा निर्देश करण्याचा प्रघात आहे. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या संपादकत्वाखाली कोचीनहून निघणाऱ्या ‘केरळकोकिळ’ मासिकातून त्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवर आधारलेली ‘चंद्रलोकाची सफर’ प्रसिद्ध झाली. पुढे भा. रा. भागवत यांनी कुमार वाचकांसाठी व्हर्न मराठीत आणला, तेव्हा त्यांच्या रूपांतरांत ‘चंद्रावर स्वारी’ होतीच. म्हणजे मराठी विज्ञानकथेचे पहिले पाऊल चंद्राच्या दिशेने पडले. तथापि तिचा मुख्य प्रवाह तेथे वस्ती करण्यात रमला नाही. इंग्रजी विज्ञानकथेत मात्र वसवलेला चंद्र हा एक प्रस्थापित कथाविषय ठरला. हा फरक कशाचा द्योतक आहे आणि अशा काल्पनिक वसाहतीचे वाचन मराठी अभ्यासकाने कोणत्या साधनांनी करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहणे उचित ठरेल. ‘सफर’ आणि ‘स्वारी’ या दोन्ही शब्दांत परत येणे गृहीत आहे. सफरीला गेलेला माणूस अनुभव घेऊन घरी येतो. स्वारीवर गेलेला मुलूखगिरी करून परततो. लोकपरंपरेतील ‘चांदोमामा’ हे नातेही याच जातीचे आहे. मामाच्या घरी राहायला जातात. तेथे संसार थाटत नाहीत. व्हर्नच्या मूळ कथानकाशी हे सुसंगतच होते, कारण १८६५ च्या कादंबरीतील प्रवासी तिच्या १८७० च्या उत्तरभागात चंद्राला वळसा घालून, तेथे न उतरताच, पृथ्वीवर परततात.

‘वसाहत’ हा शब्द निराळा आहे. आपल्याकडे तो औद्योगिक वसाहतीला लागतो, पानशेतच्या १९६१ च्या पुरानंतर पुण्यात उभ्या राहिलेल्या पूरग्रस्तांच्या वसाहतींना लागतो आणि साम्राज्याच्या अंकित प्रदेशालाही लागतो. ‘वसणे’ या क्रियापदाशी जोडलेल्या या शब्दात वस्तीची कल्पना ठळक राहते. शोषणाची झाकली जाते. हिंदुस्थानात इंग्रज मोठ्या संख्येने वसले नाहीत, तरी तो वसाहत होता. ‘चंद्रावरील वसाहत’ हा शब्दप्रयोग म्हणूनच जपून वाचावा लागतो.

३

या दृष्टीने रॉबर्ट हाइनलाइन यांची १९६६ मधील ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ ही कादंबरी विशेष अभ्यसनीय आहे. तिच्यातील चंद्र ही मुळात शिक्षा झालेल्यांची वसाहत आहे. कैदी, शिक्षा संपलेले आणि तेथेच जन्मलेली त्यांची संतती भूमिगत बोगद्यांत राहते. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश असल्याने तेथे दीर्घकाळ राहिलेल्याचे शरीर पृथ्वीला पारखे होते. शिक्षा संपते, पण परतीचा मार्ग देहानेच बंद केलेला असतो.

मराठी वाचकाला येथे अंदमान आठवल्यावाचून राहणार नाही. १८५८ पासूनची ती दंडवसाहत वि. दा. सावरकर यांच्या ‘माझी जन्मठेप’ (१९२७) या आत्मकथनातून आणि ‘काळे पाणी’ (१९३७) या कादंबरीतून मराठी साहित्यात आली. सीमेपलीकडे टाकलेला माणूस तेथे नवा समाज कसा घडवतो, हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. तो केवळ विज्ञानकथेच्या चौकटीत ठेवून पाहिला जात नाही, एवढेच.

४

कादंबरीचा आर्थिक गाभा त्याहून महत्त्वाचा आहे. चंद्रावरील शेतकरी बोगद्यांत धान्य पिकवतो. खरेदीचा मक्ता पृथ्वीच्या वतीने कारभार करणाऱ्या प्राधिकरणाकडे असतो. भावही तेच ठरवते. विद्युतप्रक्षेपकाने फेकलेले हे धान्य प्रामुख्याने हिंदुस्थानाकडे जाते. प्रत्येक खेपेबरोबर चंद्राचे पाणी आणि मातीचा कस कायमचा निघून जातो आणि काही वर्षांत तेथे उपासमार अटळ ठरते. म्हणून बंडखोरांचे विचारवंत प्राध्यापक द ला पाझ मागणी करतात की, जितके वजन पृथ्वीवर येईल तितकेच चंद्रावर परत पाठवावे.

हा विचार पुणे-मुंबईच्या वैचारिक इतिहासाला सुपरिचित आहे. दादाभाई नौरोजी यांनी मांडलेला आणि १९०१ च्या ग्रंथात संकलित झालेला आर्थिक निःसारणाचा सिद्धांत नेमके हेच सांगतो : अपुरी किंमत मिळते हा एक भाग झाला, देशाबाहेर गेलेल्या संपत्तीचा मोबदला परत येत नाही, हे खरे दुखणे. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १८७२ च्या सुमारास पुण्यात व्यापारावर दिलेली व्याख्याने आणि १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे कार्य याच विचारपरंपरेत मोडते. हाइनलाइन यांनी आपल्या बंडाचा आराखडा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरून घेतला. चंद्राच्या स्वातंत्र्यघोषणेला त्यांनी ४ जुलै २०७६ हीच तिथी दिली आहे. असे असले तरी चंद्राच्या दारिद्र्याची मीमांसा दादाभाईंच्या परिभाषेत अधिक नेमकी होते.

५

मात्र या कादंबरीत हिंदुस्थानाचे स्थान शोषिताचे नसून उपभोक्त्याचे आहे. चंद्राचे प्रतिनिधी आपली बाजू मांडण्यासाठी येतात ते आग्र्याला, आणि ज्या भुकेसाठी चंद्र लुटला जातो ती भूक हिंदुस्थानची. १९६५-६६ च्या दुष्काळात आपल्याकडे पीएल-४८० करारान्वये अमेरिकन गहू येत होता, हा संदर्भ येथे विसरता येत नाही. दात्याच्या देशातील लेखकाने घेणाऱ्या देशाची कल्पना केवळ एक अगणित भुकेला जमाव म्हणून केली. निःसारणाचा सिद्धांत ज्या देशात घडला, तोच देश येथे निःसारणाचे निमित्त होतो. ही विसंगती तपासणे हे मराठी समीक्षेचे काम आहे.

दुसरी मर्यादा निर्मनुष्य भूमीची. हाइनलाइन यांच्या चंद्रावर मूळ रहिवासी नाहीत. त्यामुळे वसणाऱ्याला अपराधी ठरण्याचा प्रसंग येत नाही आणि वसाहतकारच स्वातंत्र्यवीर होऊ शकतो. एच. जी. वेल्स यांनी मात्र १९०१ मधील कादंबरीत चंद्रावर ‘सेलेनाइट’ हा समाज कल्पिला. त्यामुळे तेथे गेलेल्या माणसाला स्वतःविषयी उत्तर द्यावे लागते.

६

या पार्श्वभूमीवर जयंत नारळीकर (निधन २० मे २०२५, पुणे) यांच्या कथासाहित्यातील दिशा लक्षणीय वाटते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेपासून त्यांचे विज्ञानकथालेखन सुरू झाले. ‘प्रेषित’मध्ये परग्रहावरील जीव पृथ्वीवर वाढतो, ‘वामन परत न आला’मध्ये दूरच्या भूतकाळातील प्रगत ज्ञान वर्तमानात येऊन ठाकते. येथील मध्यवर्ती घटना प्रस्थानाची नसून आगमनाची आहे. ज्या समाजाकडे दुसरे आले, त्याची कल्पनाशक्ती प्रथम आगंतुकाचा विचार करते, असा निष्कर्ष यावरून सुचतो. चंद्रावरील वस्तीविषयीची मराठी अनास्था हा कल्पनेचा तोकडेपणा मानण्याऐवजी तिच्यामागील हा ऐतिहासिक अनुभव अभ्यासला पाहिजे.

तथापि ही अनास्था पुढे परवडणारी नाही. ‘चांद्रयान-१’च्या निरीक्षणांतून २००९ मध्ये चंद्रपृष्ठावरील पाण्याच्या अस्तित्वाला पुष्टी मिळाली. जून २०२३ मध्ये भारताने आर्टेमिस करारावर स्वाक्षरी केली, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशाजवळ उतरले. १९६७ च्या अंतराळ कराराने कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर स्वामित्व सांगण्यास मनाई केली आहे. आर्टेमिस करार मात्र तेथील साधनसंपत्तीचे उत्खनन म्हणजे स्वामित्व नव्हे, अशी भूमिका घेतो. जमीन कोणाची नाही, पण तिच्यातून काढलेले कोणाचे, हा प्रश्न आता केवळ कथेतला राहिलेला नाही. या वेळी आपण घेणाऱ्यांच्या पंगतीत बसण्याची शक्यता आहे.

म्हणून पदव्युत्तर वर्गात विज्ञानकथा शिकविताना ती विज्ञानप्रसाराचे साधन किंवा भविष्यकथन एवढ्यापुरती न ठेवता निःसारणाच्या मराठी विचारपरंपरेशेजारी ठेवून वाचावी, असे सुचवावेसे वाटते. रानडे-दादाभाईंनी विचारलेला प्रश्न, येथून काय गेले आणि त्याबदल्यात काय परत आले, चंद्राच्या संदर्भात विचारणारी मराठी विज्ञानकथा लिहिली जाईल, तेव्हा ‘सफरी’पासून सुरू झालेला हा प्रवास खऱ्या अर्थाने पुढच्या टप्प्यावर पोहोचेल.